मुहूर्ताची पेटी

विरुपाक्ष शेट्यांचं वाटोळं व्हावं, एवढं एकच मागणं राजमती मगदूम रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन मागायची. जैनांच्या देवापुढं असलं काही मागायचं नसतं. खरं तर काहीच मागायचं नसतं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. तरी मागायची. हात जोडायची, डोळे मिटायची आणि शेट्यांचा गुळगुळीत दाढीचा, हसरा चेहरा डोळ्यांपुढं आणून त्याला पोटभर शिव्या घालायची. मग प्रदक्षिणा घालून कामावर जायची. बायका म्हणायच्या, भूपालची पोरगी मोठी धार्मिक हो. घ्या.

तिचा राग कशावरून, ते आधी सांगितलं पाहिजे.

बोरमाळ हे बेदाण्याचं गाव. द्राक्षं पिकतात आसपासच्या शिवारात, वाळतात माळावरच्या शेडमध्ये आणि विकली जातात गावातल्या सौद्याच्या हॉलमध्ये. हॉलमध्ये जायचं ते चपला बाहेर काढून, कारण आत लक्ष्मी. आणि आत गेल्यावर त्याच लक्ष्मीच्या पेटीत कुणीही उठून हात घालायचा, मूठभर बेदाणा काढायचा, दोन दाणे तोंडात टाकायचे आणि उरलेली मूठ द्यायची उधळून. गमतीनं एकमेकांच्या अंगावरसुद्धा. सौदे संपेपर्यंत फरशी दिसेनाशी व्हायची आणि त्यावरनं शेकडो अनवाणी पाय फिरून गेलेले असायचे. मागाहून सगळं झाडून पोत्यात भरत. हा माल दारूच्या भट्टीला जातो, असं म्हणत. खरं कुठं जातो ते बहुतेकांना ठाऊक होतं आणि विचारायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं.

राजमतीचे वडील भूपाल मगदूम, म्हणजे आप्पा, एका तिऱ्हाईत तपासणी संस्थेत नमुने काढायचे. तिऱ्हाईत म्हणजे ना विकणाऱ्याची, ना घेणाऱ्याची. परदेशी जाणाऱ्या मालातून आप्पांनी नमुना काढायचा, पेट्यांवर तपासल्याचा शिक्का मारायचा, नमुन्याची दोन पाकिटं करायची, एक प्रयोगशाळेला, दुसरं सील करून संस्थेच्या शीतगृहात. आप्पांनी चांगला म्हटलेला माल डोळे झाकून घ्यावा, अशी त्यांची ख्याती. आणि एका वर्षी शेट्यांचा अख्खा कंटेनर रॉटरडॅमच्या बंदरातून परत आला. मालात बुरशीचं विष, माती, केस. आप्पांचं सीलबंद पाकीट उघडलं तर ते मात्र स्वच्छ, सोन्यासारखं.

शेटे भर सौद्यात उभे राहिले. म्हणाले, "मगदूमनं नमुना भलत्याच मालाचा दिला. खाल्लं त्यानं कुठंतरी. मी बुडालो." आणि पेटीतली मूठ उचलून त्यांनी आप्पांच्या तोंडावर मारली. मग दुसऱ्यानं मारली, मग तिसऱ्यानं. हसत हसत मारत होते, कारण मुठी उधळायची सवयच होती. आप्पा मधोमध उभे. त्यांनी तोंडापुढं हातसुद्धा धरला नाही. एक अक्षर बोलले नाहीत. दहावीतली राजमती त्यांचा जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती आणि तिनं हे सगळं पाहिलं.

संस्थेनं आप्पांना काढून टाकलं. ते घरी बसले, पुन्हा म्हणून बाजाराच्या वाटेला गेले नाहीत आणि काही वर्षांनी झुरून झुरून गेले. शेटे मात्र फुगत गेले. परदेशी ग्राहकांनासुद्धा त्यांचीच दया आली, म्हणे बिचारे फसले. मेल्यांनो, कोण फसलं आणि कोणी फसवलं!

राजमती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली. हुशार होती म्हणून नव्हे, म्हणजे हुशार होतीच, पण शिकली ती रागानं. आणि ज्या संस्थेनं बापाला हाकललं, तिथंच जाऊन चिकटली. तोवर संस्थेचं नाव बदलून 'निर्वाळा' झालं होतं आणि तिथं 'पारखी' आली होती.

पारखी हे यंत्र. धान्य दळायच्या घरगुती गिरणीएवढं, वर तळहात टेकवायला काच. त्यामागचं शास्त्र तसं सोपं. आपल्या कातडीवर जिवाणूंची वस्ती असते. जिवाणूंच्या जाती साधारण त्याच, पण कोण किती आणि त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले बारीक फरक कोणते, हे प्रत्येक तळहातावर निराळं. साबणानं कितीही घासा, चार दिवसांत तीच वस्ती पुन्हा उगवते. ज्या वस्तूला हात लागतो तिथं त्यातले थोडे जिवाणू मागे राहतात. ते मेले, तरी त्यांच्या डीएनएचे तुकडे उरतात. आणि बेदाण्यासारख्या साखरेनं गच्च भरलेल्या, कोरड्या, थंडीत ठेवलेल्या दाण्यावर ते मुरलेल्या लोणच्यासारखे टिकतात. पारखी ते तुकडे वाचायची आणि सांगायची: द्राक्ष कुठल्या शिवारातलं, धुतलं कुठल्या पाण्यानं, हात किती जणांचे लागले. तळपायाची वस्ती तळहातापेक्षा वेगळी असते, त्यामुळं पाय लागला असेल तर तेही सांगायची. इतकंच काय, एका घरात राहणाऱ्यांचे जिवाणू एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून दोन हात एका छपराखालचे आहेत का, हेसुद्धा तिला कळायचं.

पारखी आली आणि मुलखात गोंधळ उडाला. युरोपातले ग्राहक तिच्या दाखल्याशिवाय मालाला शिवेनात. निवडीच्या बायकांपासून हमालांपर्यंत सगळ्यांच्या तळहातांची नोंद झाली. मिरजेत एका सासूनं दिवाळीच्या करंज्या चोरून तपासून घेतल्या, तर सुनेनं घरी केल्या म्हणून सांगितलेल्या करंज्यांवर भलत्याच बायकांचे हात निघाले आणि प्रकरण वकिलापर्यंत गेलं. बोरमाळच्या हॉलमधली उधळण कायद्यानं थांबली नव्हती, ती एका हंगामात थांबली. आपल्या मालावर गावभरचे हात कोण लावून घेणार? उरली फक्त मुहूर्ताची पेटी. हंगामाच्या पहिल्या सौद्याला मालकानं स्वतः सील फोडायचं, पहिली मूठ स्वतःच्या हातानं काढायची आणि ग्राहकाला दाखवायची. तेवढं शास्त्र लोकांनी सोडलं नाही.

नोंदणीतून सुटले ते फक्त मालक. "मालक मालाला हात लावत नसतो," असं शेट्यांनीच सगळ्या निर्यातदारांच्या वतीनं वरपर्यंत जाऊन पटवलं होतं.

या वर्षी शेट्यांनी पारखीच्या कायम दाखल्यासाठी अर्ज केला. एकदा तो मिळाला की त्यांच्या मालाची फेरतपासणी नाही, पुढं मुलानातवांपर्यंत आराम. आणि नियम असा, की कायम दाखला द्यायचा तर अर्जदाराचे जुने वाद पारखीनं पुन्हा तपासायचे. वादातला नमुना संस्था कधी फेकत नसे. आप्पांचं पाकीट आणि रॉटरडॅमहून परत आलेल्या मालाचं पाकीट, दोन्ही शीतगृहात शेजारी शेजारी पडून होती.

राजमती प्रमुखांकडे गेली. फिरोज इनामदार पन्नाशीचे, कमी बोलणारे.

"सर, शेट्यांची चाचणी मी करते."

"तुझं आडनाव मगदूम आहे. मला वाचता येतं."

"म्हणूनच म्हणते."

इनामदारांनी चष्मा काढून पुसला. "यंत्राला आडनाव कळत नाही, हे तुझं नशीब. तू चालव, सही मी करीन. पण एक लक्षात ठेव. निघेल ते निघेल. पारखीनं वाचलेलं पुसता येत नाही, मला पण नाही आणि तुला पण नाही."

"पुसायचंय कुणाला?" राजमती म्हणाली. तिला तर ते दगडावर कोरून हॉलच्या दारात लावायचं होतं.

तिनं रिवाजाप्रमाणे आधी स्वतःचा तळहात काचेवर ठेवला. चालवणाऱ्याचे जिवाणू चुकून मिसळले, तर वजा करता यावेत म्हणून तसं करतात. मग दोन्ही पाकिटं फोडली. चाचणीत दाणे दळले जातात, त्यामुळं ही एकच संधी. ती यंत्रासमोर नखं खात बसली.

आधी आप्पांच्या पाकिटाचा निकाल आला. माल शेट्यांच्याच शेडचा, खात्रीनं. माल भरल्यानंतर लागलेला हात एक, पुरुषाचा, चालवणारीच्या घरातला. म्हणजे आप्पांचा. आप्पा जाऊन इतकी वर्षं झाली आणि त्यांचा हात असा पडद्यावर आला, राजमतीला रडूच फुटलं. मग दुसरं पाकीट. मूळ माल तोच, त्याच शेडचा. आप्पांनी नमुना बरोब्बर त्याच मालाचा घेतला होता! त्यात नंतर फरशीवरची झाडणी कालवलेली, तळपायांचे जिवाणू ढीगभर. आप्पांचा हात कुठंच नाही. कालवल्यानंतर लागलेले हात दोन. एक पुरुषाचा, अनोळखी.

दुसरा बाईचा. चालवणारीच्या घरातला.

राजमतीनं ते वाक्य पुन्हा वाचलं. घरात तेव्हा माणसं तीन. आप्पा, ती, आणि आई.

तिची आई अक्काताई त्या वर्षी शेट्यांच्या शेडमध्ये बेदाणा निवडायला जायची. हे राजमतीला ठाऊक नव्हतं असं नाही. आप्पांची बेअब्रू झाल्यावर आईनं ते काम सोडलं आणि शेंगदाण्याची चटणी करून विकायला सुरुवात केली. आता 'अक्काताईंची चटणी' सांगली-कोल्हापूरच नव्हे, पुण्यातसुद्धा जायची आणि तिच्या हाताखाली गल्लीतल्या बायका होत्या. लाज वाटली म्हणून आईनं ते काम सोडलं, असंच राजमती समजत आलेली. लाज कसली वाटली, ते आता पडद्यावर आलं होतं.

इनामदारांनी निकाल वाचला. मग म्हणाले, "परीक्षकाच्या घरचं माणूस निकालात निघालं, तर परीक्षकाला चाचणी बाद करून मागता येते. तसा नियम आहे. सोमवारी मुहूर्ताचा सौदा आहे, तिथं मला निकाल वाचायचाय. तोपर्यंत मागितलंस तर बाद करीन. न मागितलंस तर वाचीन. मी काही सांगणार नाही तुला."

बाद केली तर पाकिटं संपलेली, पुरावा कायमचा गेला, शेट्यांना दाखला. वाचली तर शेटे आयुष्यभरासाठी बाद, पण कालवणाऱ्या प्रत्येक हाताला खाण्याच्या धंद्यात कायमची बंदी. चटणी बंद. आणि नवऱ्याला जिनं तोंडघशी पाडलं ती ही, म्हणून गावभर बोट. इतकी वर्षं राजमतीनं शेट्यांसाठी वरवंटा तयार केला आणि आता बघते तर त्याच्याखाली आईचाही हात.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेटेच आले. संस्थेच्या आवाराबाहेर गाडी उभी करून, काठी टेकत. सत्तरी उलटली होती, पण हसू तसंच गुळगुळीत.

"राजमती ना तू? भूपालची. मोठी झालीस गं."

ती फाटकाच्या आतच थांबली.

"जुनी पाकिटं फोडली म्हणं. फोडा बापडे. तुझ्या आईचं बरं चाललंय आता. चटणी आमच्याकडं पण येती. चव हाय तिच्या हाताला." ते जरा थांबले. "हाताचंच बघ. तेवढं जपून ऱ्हा."

"तुम्हीच करायला लावलं तिला ते काम," राजमती म्हणाली.

"लावलं म्हणजे? मजुरीला आली, काम केलं. भूपालला मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हटलं, बाबा, तू तोंड उघडलंस तर पहिली बेडी तुझ्या बायकोला. मी मालक, मी कुठं हात लावतो? तो शाणा होता. गप्प बसला." शेट्यांनी काठीनं गाडीचं दार ढकललं. "तू तर शिकलेली हायस."

राजमती तिथंच उभी राहिली. आप्पांना माहीत होतं. त्या मुठी खात ते उभे होते, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. आणि तिला शेट्यांचा आला नाही एवढा राग आईचा आला. मग आप्पांचाही आला. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक, आणि ती एकटी वेड्यासारखी रोज देवाचं डोकं खात होती.

घरी येऊन तिनं पिशवी कोनाड्यात आदळली. अक्काताईंनी ओळखलं. पोरीचं नाक फेंदारलं की काय झालंय, ते त्यांना कळायचं.

"काय झालं गं?"

"काही नाही. एक चाचणी बाद करायला सांगणार आहे उद्या."

"कुणाची?"

राजमती पाय धुवायला वळली. अक्काताईंनी खलबत्ता बाजूला सारला, हात पदराला पुसले.

"शेट्याची?"

"तुला कशाला पाहिजे?"

"मग माझा हात निघाला असणार," अक्काताई म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, दूध उतू गेलं असं सांगावं तसं. "निघणारच. पारखीचं ऐकल्यापासनं मी वाटच बघतीय."

राजमती फुटली. "वाट बघत होतीस? आणि आप्पांच्या अंगावर मुठी पडल्या तेव्हा काय बघत होतीस? का केलंस तू? आप्पांचा शिक्का दिसत नव्हता तुला पेट्यांवर?"

"दिसत होता."

"मग?"

"मुकादम म्हणाला, भट्टीचा माल हाय, कालवा. मला शिक्का दिसला, म्हणून मी थांबले. तर शेटे स्वतः आले. त्यांनी माझ्या पेटीत हात घातला, दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, गोड हाय की, काय हुतंय? मी परत कालवायला लागले. विचारलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून विचारलं न्हाई. एवढंच. दुसरं काही कारण न्हाई बघ, मी लई शोधलं."

"आप्पांना कधी सांगितलंस?"

"माल परत आला त्या दिवशी. पायावर डोकं ठेवलं. ते म्हणाले, दोघंही गेलो तर पोरीच्या शाळेचं काय. तू गप, मी गप. आणि दुसऱ्या दिवशी हॉलमधी गेले."

राजमती भिंतीला टेकून खाली बसली. "म्हणूनच बाद करते. त्यांनी तुला वाचवलं, मी घालवू का?"

अक्काताई ताडकन उठल्या. राजमतीनं आईला एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"वाचवलं? रोज दोन वेळा त्यांच्या ताटात मी भाकरी वाढायची, ते मान खाली घालून खायचे आणि मी आतनं जळायची. ह्याला वाचवलं म्हणतेस? तुला वाटतं शेट्यावर राग तुझा एकटीचा हाय? तुझा राग बापाच्या वाटणीचा हाय, राजू. माझा माझ्या वाटणीचा हाय. त्यानं माझ्या हातानं माझ्या नवऱ्याचं तोंड काळं केलं. आणि तू ते बाद करायला निघालीस? मला विचारलंस?"

"चटणी बंद होईल. गाव काय म्हणेल?"

"म्हणू दे. सोमवारी किती वाजता हाय सौदा?"

सोमवारी हॉल खच्चून भरला होता. भिंतीवरच्या पडद्यावर युरोपचे दोन ग्राहक. बाहेर चपलांचा ढीग, आत टेबलावर पारखी. राजमतीनं बाद करायचा अर्ज दिला नव्हता. शेट्यांना मात्र खात्री होती की तिनं दिला असणार. ते पांढऱ्याशुभ्र कपड्यात उभे राहिले, नारळ वाढवला, मुहूर्ताच्या पेटीचं सील स्वतः फोडलं आणि मूठ भरून पडद्यापुढं धरली. टाळ्या झाल्या. सवयीनं त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले.

मग इनामदार उठले आणि कोरड्या आवाजात वाचू लागले. आप्पांचा नमुना खरा होता, हे वाचलं तेव्हा मागच्या रांगेतले म्हातारे अडते एकमेकांकडं बघायला लागले. झाडणी नंतर कालवली, हे वाचलं तेव्हा त्यांच्या नजरा फरशीकडं गेल्या. शेट्यांचं हसू जरा आखडलं, पण गेलं नाही.

"दोन हात," इनामदार म्हणाले. "एक स्त्रीचा. एक पुरुषाचा."

"बाई कोण ते विचारा की तुमच्या परीक्षकबाईंना!" शेटे मोठ्यानं म्हणाले. "घरातलंच माणूस हाय म्हणं!"

राजमती उभी राहायच्या आत दारातून अक्काताई आल्या. बायका सहसा हॉलमध्ये येत नसत, त्यामुळं आपोआप वाट झाली. त्या अनवाणी सरळ टेबलापाशी गेल्या आणि कुणी सांगायच्या आत त्यांनी तळहात काचेवर ठेवला. काचेखाली दिवा लागला. थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं आली: जुळतो.

"बाई मी," अक्काताई म्हणाल्या. "भूपाल मगदूमची बायको. झाडणी मी कालवली. शेट्यांनी सांगितलं म्हणून कालवली आणि विचारलं न्हाई, हा माझा गुन्हा. आता दुसरा हात बघा."

सगळे शेट्यांकडं वळले.

"मी नाही ठेवणार," शेटे म्हणाले. "नियमात बसत नाही. मालक मालाला हात लावत नसतो."

खरंच नियमात बसत नव्हतं. इनामदारांनी निकालाचा कागद टेबलावर ठेवला. पडद्यावरचा गोरा ग्राहक दुभाष्याला काहीतरी विचारू लागला. आणि राजमती उठली. घाई न करता चालत गेली, मुहूर्ताची पेटी दोन्ही कडांना धरून उचलली आणि आणून पारखीशेजारी ठेवली. तिच्या आयुष्यात तिला कुठल्याच गोष्टीचा एवढा आनंद झाला नव्हता.

"सौद्याला मांडलेला माल तपासायचा अधिकार आपल्याला आहे ना सर?"

"आहे," इनामदार म्हणाले, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

पेटी भरणाऱ्या बायकांच्या हातांची नोंद होतीच. ते वजा केले की उरणार होता एकच हात. ज्यानं आत्ता सगळ्यांदेखत सील फोडलं, तो. हे हॉलमधल्या शेवटच्या माणसाच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला नाही. शेट्यांना तर लगेचच कळलं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं.

चाचणीला चहा होईपर्यंत वेळ लागतो. कुणी जागचं हललं नाही. शेट्यांनाही जाता येईना, गेले तर कबूल केल्यासारखं. ते काठीवर रेलून राजमतीच्या जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तुझी आई पण जाईल यात."

"हो."

"मी म्हातारा झालोय. तुमच्यात तर क्षमा मागतात, क्षमा करतात म्हणं. मोठा धर्म तुमचा."

"वर्षातनं एक दिवस असतो तसा," राजमती म्हणाली. "आज तो नाही."

पडद्यावर अक्षरं आली. जुळतो. युरोपचे ग्राहक पडद्यावरून नाहीसे झाले, नमस्कारही न करता. मग अडत्यांनी आपापल्या चपला शोधायला सुरुवात केली. शेट्यांना कुणी मारलं नाही, बोललंही नाही. त्यांच्या मालाला मात्र त्या दिवशी, त्या हंगामात आणि नंतर कधीही बोली लागली नाही. राजमती पेटीशेजारी उभी राहून बघत होती. शेट्यांच्या मुलानं येऊन बापाला दंडाला धरून बाहेर नेलं. शेवटचा माणूस जाईपर्यंत ती हलली नाही. एकही क्षण तिला सोडायचा नव्हता.

मायलेकी घरी आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मगदूमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची पद्धत. गल्लीतल्या दोन बायका दारात येऊन चटणीचं उद्यापासून काय, म्हणून विचारून गेल्या. अक्काताईंनी त्यांना मसाल्याचे डबे वाटून टाकले आणि तुम्ही तुमच्या नावानं करा म्हणाल्या. मग चुलीपाशी पाट घेऊन बसल्या, पण परातीला हात लावला नाही.

"भाकरी तू थाप. माझ्या हातावर बंदी हाय."

"बंदी विकायच्या मालावर आहे, आई."

"तरी तूच थाप."

राजमतीनं ज्वारीचं पीठ घेतलं, पाणी जास्त झालं, पुन्हा पीठ घातलं. पहिली भाकरी काठाला फाटली. अक्काताई बघत होत्या, शिकवत नव्हत्या.

"राजू, शेट्यावरचा राग फिटला?"

"फिटला."

"आणि माझ्यावरचा?"

राजमतीनं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं. खोटं बोलून आजच्या दिवशी तरी काय करायचं होतं?

"नाही," ती म्हणाली.

अक्काताईंनी मान हलवली. ताट पुढं ओढलं.

"बरं. मग ती काढ आता, करपायला लागली. आणि माझ्यासाठी अजून एक टाक, सकाळपासनं पोटात काही न्हाई."

राजमतीनं भाकरी आईच्या ताटात वाढली. अक्काताई मान खाली घालून खायला लागल्या, आणि राजमती दुसरी थापायला बसली.